चार काजव्यांचा उजेड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आषाढी एकादशी झाली की आमच्या कवठे येमाईत लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचा धंदा बसतो. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही. आमच्या निकाहाला मुहूर्ताची अडचण नसते. पण पावसापाण्यात, चिखलात मांडव कोण घालणार? त्यामुळे कॅमेरे, फ्लॅश, स्टँड, छत्र्या असा सगळा सरंजाम चार महिने कपाटात पडून राहतो. आणि नेमक्या याच दिवसांत गावाबाहेरच्या विहिरींवर दुसऱ्या एका कारागिराचा हंगाम ऐन भरात आलेला असतो. तो कारागीर म्हणजे सुगरण पक्षी.

मंडळी, आज मी तुमच्याशी कवितेबद्दल बोलणार नाही. उडत्या पाखराचा फोटो कसा काढतात, त्यासाठी एक सोडून तीन-चार फ्लॅश का लागतात आणि ते लावताना माणसानं कुठं थांबावं, याबद्दल बोलणार आहे. मी बी. ए. झालेला माणूस. विजेचं आणि भिंगाचं गणित मला आमच्या गावातल्या एका तरुणानं शिकवलं. तो लग्नाचे फोटो काढतो. त्यानं जुने, वापरलेले असे चार फ्लॅश हप्त्यानं घेतले होते. पावसाळ्यात ते नुसते पडून असतात याचं त्याला वाईट वाटायचं. एका वर्षी आषाढात तो मला म्हणाला, "चाचा, यंदा सुगरणीचं लग्न काढायचं." मी त्याच्याबरोबर गेलो, ते स्टँड धरायला माणूस हवा होता म्हणून.

आधी अडचण काय आहे ते सांगतो. आपला डोळा पंख पाहतच नाही. चिमणीएवढं पाखरू एका सेकंदात दहा-पंधरा वेळा पंख मारतं. आपल्याला दिसतो तो एक तपकिरी फडफडाट. कवी त्याला भरारी म्हणतो, झेप म्हणतो आणि पुढच्या ओळीकडे जातो. पण त्या फडफडाटात प्रत्येक पिसाचं काम ठरलेलं असतं, आणि ते पाहायचं तर वेळेचा फार बारीक तुकडा कापावा लागतो.

किती बारीक? पंखाचं टोक सेकंदाला दहा मीटर सरकतं असं धरू. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतं उघडलं, तर तेवढ्या वेळात ते टोक चार सेंटिमीटर पुढं गेलेलं असतं. सगळं पाखरू वीतभर आणि त्यात चार सेंटिमीटरची पुसट रेघ! हाच वेळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागावर आणला, तर टोक फक्त एक मिलिमीटर सरकतं. तेव्हा कुठं पीस पिसासारखं दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग शटरच तेवढं जलद करावं. नेहमीच्या कॅमेऱ्याचं शटर तिथपर्यंत पोचत नाही. शिवाय फ्लॅश लावायचा असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापेक्षा जलद जाता येत नाही, कारण त्यापुढं शटरचा पडदा पूर्ण उघडा असा क्षणच येत नाही. युक्ती अशी की शटर सावकाश उघडू द्यायचं, पण आत काळोख ठेवायचा. त्या काळोखात उजेड मात्र एका निमिषाच्याही लहान तुकड्यापुरता पाडायचा. फोटोवर उमटतं ते फक्त त्या उजेडातलं. म्हणजे वेग कॅमेऱ्यात नसतो, उजेडात असतो.

फ्लॅशच्या पोटात काय चालतं तेही ऐकण्यासारखं आहे. चार पेन्सिल सेलमधली वीज चढवून तीनशे व्होल्टच्या वर नेतात आणि एका कपॅसिटरमध्ये साठवतात. (म्हणून बंद पडलेला फ्लॅश कुणी घरी उघडू नये, झटका जिवावर बेतू शकतो.) बटण दाबलं की ती सगळी वीज झेनॉन वायूच्या एका बारीक नळीतून जाते आणि लखलखाट होतो. आता या फ्लॅशला 'सोळाव्या हिश्श्यानं चाल' असं सांगितलं, तर तो मंद जळत नाही. तो तसाच जोरात पेटतो, पण वीज मध्येच तोडली जाते. शेतावर दारं धरणाऱ्याला हे चटकन कळेल. पाटाचं पाणी तेवढ्याच जोरानं येतं, पण तुम्ही दारं फोडलं आणि लगेच बुजवलं, तर वाफ्यात पाणीही कमी जातं आणि वेळही कमी लागतो. पूर्ण ताकदीत साधारण सेकंदाचा हजारावा भाग चालणारा छोटा फ्लॅश सोळाव्या हिश्श्यावर दहा हजाराव्या भागाच्या आसपास येतो. चौसष्टाव्या हिश्श्यावर तो तीस हजाराव्या भागापर्यंतही जातो.

पण इथंच खरा पेच आहे. उजेड जितका आखूड, तितका तो दुबळा. पूर्ण ताकदीत जो फ्लॅश पाच मीटरवरची फांदी उजळतो, तोच सोळाव्या हिश्श्यावर सव्वा मीटरपलीकडे पोचत नाही. बरं, ताकद वाढवावी तर उजेड लांबतो आणि पंख पुन्हा पुसट होतात. मग करायचं काय? एकाची ताकद वाढवायची नाही, सोबती वाढवायचे. चार दुबळे फ्लॅश एकाच क्षणी पेटले, तर उजेडाची बेरीज होते, वेळेची होत नाही. चौघे मिळून चौपट उजेड देतात, पण तो असतो तेवढ्याच दहा हजाराव्या भागापुरता. एकापेक्षा जास्त फ्लॅश लावण्याचं मुख्य कारण हे आहे. अट एकच, पाखरावर पडणारे फ्लॅश सारख्याच हिश्श्यावर हवेत. त्यातला एक जरी जास्त वेळ रेंगाळला, तरी तो एकटा सगळ्यांची मेहनत पुसून टाकतो.

आमच्याकडे एक जुनी समजूत आहे. सुगरण म्हणे रात्री घरट्यात उजेड हवा म्हणून ओल्या चिखलाचा गोळा लावते आणि त्यात काजवे चिकटवते. घरट्यात चिखलाचे गोळे खरोखर सापडतात. वाऱ्यात घरटं फार हेलकावू नये म्हणून ते असावेत, असा एक अंदाज आहे. काजव्यांच्या दिव्याचा पुरावा मात्र पक्षितज्ज्ञांना मिळालेला नाही. पण विहिरीच्या काठावर दुधाच्या पिशव्या गुंडाळून ठेवलेले ते चार लहानसे फ्लॅश एकदम लुकलुकले, तेव्हा मला ती समजूतच आठवली. एकेकटे काहीच न करू शकणारे चार काजवे!

जास्त फ्लॅशचं दुसरं कारण दिशेचं. माझं गाव लोकनाट्याच्या लेखणीचं गाव. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. त्यांच्या लावण्यांवर आणि वगांवर कितीतरी फड उभे राहिले. तमाशाच्या बोर्डासमोर बसलेल्यांना हे ठाऊक असतं, की समोरून एकच दिवा असला की चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो. दोन बाजूंनी उजेड आला की नाक, कपाळ, हनुवटी उठून येते. मागून थोडा पडला की केसांची कड चमकते. पाखराचंही तसंच. दोन फ्लॅश पुढून, डाव्या-उजव्या अंगाला, थोडे उंचावर. तिसरा मागून वरून. त्याचा उजेड पिसांमधून आरपार येतो आणि पंखाची एक-एक काडी मोजता येते. चौथा पाखरासाठी नसतोच, तो असतो मागच्या झाडोऱ्यासाठी. तो नसला तर भर सकाळी काढलेला फोटो अमावस्येच्या रात्री काढल्यासारखा काळाकुट्ट येतो. हा चौथा तेवढा जास्त ताकदीत चालला तरी बिघडत नाही, कारण मागचं गवत काही पंख मारत नाही.

हे सगळं काही आमच्या गावात जन्मलेलं शास्त्र नाही. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. एडवर्ड मायब्रिज यानं १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीनं मांडले आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमीन सोडतात हे दाखवलं. फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारे यानं १८८२ मध्ये बंदुकीसारखा खांद्याला लावायचा कॅमेरा केला. चाप ओढला की सेकंदाला बारा फोटो! तो ही बंदूक उडत्या पाखरांवर रोखायचा आणि पाखरं सुखरूप उडून जायची. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेचा लखलखाट ताब्यात आणला. सेकंदाला पन्नास-पन्नास वेळा पंख मारणारा गुंजन पक्षी त्यांच्या उजेडात हवेत खिळल्यासारखा दिसला. ड्युपाँट या रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी हा छंद इतका मनावर घेतला, की १९६० मध्ये गुंजन पक्ष्यांवर त्यांचं अख्खं पुस्तक निघालं. इंग्लंडच्या स्टीफन डाल्टन यांनी तर किडे पकडले, म्हणजे फोटोत. सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागाचा उजेड आणि झटकन उघडणारं खास शटर वापरून काढलेले त्यांचे उडत्या किड्यांचे फोटो १९७५ मध्ये पुस्तकरूपानं आले.

या मोठ्या माणसांजवळ प्रयोगशाळा होत्या. आमच्या तरुणाजवळ होती तपकीर गल्ली! पुण्याच्या त्या गल्लीतून सुटे भाग आणून त्यानं एक अदृश्य किरणाचं फाटक बनवलं. एका बाजूला किरण सोडणारा दिवा, दुसऱ्या बाजूला तो टिपणारा डोळा. पाखरानं किरण तोडला की कॅमेऱ्याला हुकूम जातो. तरी तेवढ्यानं भागत नाही. हुकूम मिळाल्यावर शटर उघडायला सेकंदाचा विसावा भाग जातो. हा वेळ आपल्याला काहीच नाही. पण सेकंदाला पाच मीटर उडणारं पाखरू तेवढ्यात पंचवीस सेंटिमीटर पुढं निघून जातं. सुरुवातीच्या फोटोंत नुसतं गवत यायचं, नाहीतर कोपऱ्यात शेपटीचं टोक. मग भिंगाचा नेम किरणावर न धरता किरणापुढं वीतभर धरायला लागला. पाखरू जिथं आहे तिथं नाही, ते जिथं असणार आहे तिथं.

आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. फ्लॅश कुठं लावायचे?

तरुणाचा विचार सरळ होता. विहिरीवर एक बाभूळ झुकलेली. तिच्या फांद्यांना सुगरणीची दहा-बारा घरटी लोंबत होती. घरट्याकडं पाखरू पुन्हापुन्हा येतं, ठरलेल्या वाटेनं येतं. मागे विहिरीची दगडी भिंत, सावलीत. इथं उन्हाचा त्रास नाही. हा त्रासही समजून घ्या. भोवती लख्ख उजेड असला, तर शटर उघडं असताना त्या उजेडातही पाखरू उमटतं आणि एका स्पष्ट पाखराच्या अंगाला दुसरं पुसट भूत चिकटतं. म्हणून सावली हवी, आभाळ हवं. विहिरीच्या पोटात ते सगळं आयतं होतं. एका घरट्यापासून सव्वा मीटरवर फ्लॅश बांधायचे आणि आड येणाऱ्या दोन डहाळ्या तेवढ्या छाटायच्या, असा बेत होता.

विहीर ज्यांची, त्या मावशी पंचाहत्तरीच्या. आम्ही परवानगी मागायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आरं, बाळंतिणीच्या खोलीत तू आसा दिवा घिऊन शिरशील का?" आणि मग माझ्याकडं वळून, "भाई, तुमी तर शानं हायसा."

तरुणाची बाजूही खोटी नव्हती. तो म्हणाला, "मावशी, वीज चमकते तेव्हा पाखरं घरटं सोडून जातात का? हा तर तिच्यापुढं काहीच नाही." आणि हे अगदीच टाकाऊ नाही. दिवसाच्या उजेडात एवढ्याशा लखलखाटानं पाखराला इजा झाल्याचं सहसा दिसत नाही. घुबड, रातवा अशा रात्रीच्या पाखरांची गोष्ट निराळी. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम उजेड मारला, तर त्यांना काही वेळ दिसेनासं होऊ शकतं, म्हणून तिथं फार जपावं लागतं. पण घरट्याजवळ खरा धोका उजेडाचा नसतोच, तो असतो माणसाचा. आपण जातो-येतो, त्या वाटेवर कावळ्याचं लक्ष असतं. आपण आड येणारी डहाळी छाटतो, ती डहाळीच पिलांवरची सावली असते आणि तीच त्यांचा पडदा असते. आपण अर्धा तास रेंगाळतो, तेवढा वेळ पिलांच्या चोचीत काही पडत नाही. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. फोटो सुंदरच येतो.

इंग्लंडच्या एरिक हॉस्किंग यांचं नाव पक्षिचित्रणात फार मोठं. उडत्या पाखरांसाठी विजेचा फ्लॅश वापरणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. उंदीर चोचीत धरून पंख फाकवलेलं त्यांचं १९४८ चं गव्हाणी घुबड जगभर छापलं गेलं. त्याआधी १९३७ मध्ये एका घुबडानं घरट्याजवळ त्यांच्यावर झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. ते काम सोडून गेले नाहीत, उरलेल्या डोळ्यानं आयुष्यभर पाखरं टिपत राहिले. पण घरट्याजवळ आई कुणाचाही मान ठेवत नाही, एवढं त्यावरून कळतं. सुगरण बिचारी झडप घालत नाही. ती फक्त निघून जाते.

आपला कायदाही या बाबतीत मावशींच्या बाजूनं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. मारणं, पकडणं हे तर त्यात आहेच. पण पाखरांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही त्याच व्याख्येत बसवलेलं आहे. आपण फोटो काढण्याला 'शूट करणं' म्हणतो, तेव्हा गमतीनं म्हणतो. घरट्याच्या बाबतीत कायद्यानं ती गंमत ठेवलेली नाही. अलीकडे निसर्ग छायाचित्रांच्या अनेक स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणं बंद केलं आहे, तेही त्यामुळंच.

मग बेत बदलला. आणि बदलण्यासाठी पाखराची माहिती उपयोगी पडली. इथं डॉ. सालिम अली यांची आठवण काढली पाहिजे. त्यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची एक वसाहत दिवसेंदिवस पाहिली आणि या पाखराचा संसार उलगडून दाखवला. घरटं बांधतो तो नर. पिवळ्या डोक्याचा, पावसाळ्यापुरता नटलेला. घरटं अर्धं झालं की माद्यांचा थवा पाहणीला येतो. एखादीला पसंत पडलं की ती आत शिरते. मग नर उरलेलं बांधकाम, ती खाली लोंबणारी नळी, पुरी करतो आणि शेजारी दुसऱ्या घरट्याला हात घालतो, दुसऱ्या मादीसाठी. भाषेनं त्याला 'सुगरण' म्हणून बाई केलं आणि बहिणाबाई चौधरींच्या कवितेनं ती बाई घरोघरी पोचवली. प्रत्यक्षात ती सगळी कारागिरी बाप्याची.

एका घरट्यासाठी हा नर पाचशेपर्यंत फेऱ्या मारतो. फेऱ्या कशासाठी? तर गवताच्या चिंध्यांसाठी. पात्याच्या बुडाशी तो चोचीनं खाच पाडतो, कड दाताखाली धरावी तशी चोचीत धरतो आणि सरळ उडतो. उडता उडता पात्याची लांब पट्टी फाटत जाते, कधी वीतभर, कधी हातभर. म्हणजे घरट्याशी जाण्याची गरजच नव्हती. पाचशे वेळा तो स्वतःच घरट्यापासून लांब येत होता. मावशींच्या बांधावर, चिंचेच्या गच्च सावलीत हत्तीगवत होतं, बाभळीपासून चाळीस-पन्नास पावलांवर. ठरावीक चार-पाच थोंबांवरच पाखरं उतरत होती.

पहिले दोन दिवस फ्लॅश लावलेच नाहीत. स्टँडवर गोणपाटात गुंडाळलेले रिकामे डबे ठेवले. पाखरांनी अर्धा दिवस ते थोंब टाळले, मग ती आपल्या कामाला लागली. तिसऱ्या दिवशी डब्यांच्या जागी फ्लॅश आले. आम्ही दोघं लांब, गोठ्याच्या पडवीत. नियम ठरवला होता : पहिल्या लखलखाटानंतर दहा मिनिटांत पाखरू त्याच गवतावर परत आलं नाही, तर सगळं आवरून घरी जायचं. घड्याळ माझ्या हातात होतं. चौथ्या मिनिटाला तो पिवळा टिळा पुन्हा गवतावर उतरला.

काम सकाळी दोन तास, ढग असले तरच. संध्याकाळी नाही. आमच्या भागात उसात बिबट्या आहे, दिवस कलला की शिवारात कुणी विनाकारण थांबत नाही. आठ सकाळी मिळून तीनशेच्या वर फोटो निघाले. त्यातले बहुतेक रिकाम्या गवताचे. हातात धरावेत असे अकरा. स्पर्धेला पाठवावा असा एक.

त्या एकात काय दिसतं ते सांगतो, कारण तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. नर नुकताच गवतावरून सुटलाय. चोचीत हिरवी पट्टी, ती त्याच्या अंगाखालून मागं शेपटीपलीकडं सरळ ताणलेली, आणि तिचं टोक अजून पात्याला चिकटलेलं. पाय पोटात घेतलेले. पंख खाली दाबलेले, आणि टोकाची लांब पिसं बोटांसारखी सुटी होऊन वर वाकलेली. सगळ्या देहाचा भार त्या वाकण्यात आहे. दुसऱ्या एका फोटोत पाखरू गवतावर उतरतंय. पंख जवळजवळ उभे केलेले, शेपूट पंख्यासारखी उघडलेली, आणि पंखाच्या पुढच्या कडेला अंगठ्यासारखी दोन-तीन पिसं वेगळी उचललेली. पक्षितज्ज्ञ सांगतात, वेग कमी झाल्यावर पाखरू कोसळू नये म्हणून हा अंगठा असतो. विमानाच्या पंखालाही उतरताना पुढं अशाच पट्ट्या उघडतात. पन्नास वर्षं मी सुगरणी पाहतोय. त्यांना अंगठा आहे, हे मला कुठल्याच उजेडात दिसलं नव्हतं.

आजकाल हिवाळ्यात भिगवणला रोहित पाहायला गर्दी होते. उजनीच्या फुगवट्यात होड्यांवर हातभर लांबीच्या लेन्सा रोखलेल्या दिसतात. आमच्या तालुक्यात मोराची चिंचोलीला लोक मोरांचे फोटो काढायला येतात. हे चांगलंच आहे. एअरगन घेऊन फिरणाऱ्यांपेक्षा कॅमेरा घेऊन फिरणारा कधीही बरा. तिथं फ्लॅशचा फारसा उपयोग नाही, एवढं मात्र सांगून ठेवतो. पाखरू शंभर पावलांवर असलं की तुमचा उजेड त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. बऱ्याच फ्लॅशांचं हे काम जवळच्या, लहानग्या, ठरलेल्या जागी परत येणाऱ्या पाखरांचं आहे. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी उन्हाळ्यात अंगणात पाण्याची परात ठेवावी. शेजारी एक वाळकी फांदी रोवावी. आठवडाभर नुसतं बघावं, कोण कुठून येतं, कुठं बसतं, किती वेळात परततं. बुलबुल येईल, होला येईल, मुनिया येतील. सगळे फ्लॅश कमी हिश्श्यावर ठेवावेत आणि भर उन्हात काढू नये. पाखरू बिचकलं तर तो दिवस त्याचा समजून सोडून द्यावा.

आमच्या तरुणाला त्या फोटोनं काही मोठं बक्षीस मिळालं नाही. घरट्याजवळ काढला असता तर फोटो अधिक देखणा आला असता, असं त्याला एका जाणकारानं सांगितलंही. असेल. तो त्यावर काही बोलला नाही. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले आणि ते चार फ्लॅश पुन्हा नवरा-नवरीच्या तोंडावर लखलखू लागले. त्याच सुमारास त्यानं त्या फोटोची मोठी प्रत काढून मावशींना नेऊन दिली.

मावशींनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. पंखाकडं नाही, पिसांकडं नाही. गवताच्या पट्टीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हिचं घरटं झालं का रं मग पुरं?"

तरुण म्हणाला, "झालं, मावशी. पिलंबी उडून गेली."

"मंग ऱ्हाऊ दे फोटू," म्हणाल्या, आणि तो त्यांनी देवघराशेजारच्या खुंटीला लावायला सांगितला.